डोळा, कान आणि मधला विलंब



आम्ही राहतो जुईनगरला. नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण तेथून सरळ रेषेत दोन किलोमीटरांच्या आत आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आम्ही शेजारीपाजारी इमारतीच्या गच्चीवर एक मोबाइल मधोमध मांडून बसलो होतो. मध्यरात्रीच्या सुमारास नेरूळच्या बाजूने एकाएकी मोठी गर्जना उठली. मोबाइलच्या पडद्यावर मात्र क्षेत्ररक्षकांची जुळवाजुळवच चालली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. बऱ्याच वेळाने पडद्यावर चेंडू पडला, हरमनप्रीत कौरने उलटे धावत जाऊन झेल घेतला आणि भारत ५२ धावांनी जिंकला. आम्हांला ते अगोदरच कळून चुकले होते.

प्रकाशाच्या मानाने ध्वनी फार मंद, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो. धोबी घाटावर कपडा आपटतो ते आधी दिसते आणि त्याचा आवाज मागून येतो, हे उदाहरण आपल्या क्रमिक पुस्तकांत असे. त्या रात्री मंद ध्वनीनेच चित्राला मागे टाकले. हवेतून आलेल्या आवाजाला पाचेक सेकंद लागले. चित्र मात्र कॅमेऱ्यातून निघाले, संकुचित झाले, कोठल्या तरी दूरच्या यंत्रांतून फिरले, आमच्या मोबाइलमध्ये काही काळ साठून राहिले आणि मग डोळ्यांपुढे आले. डोळा आणि कान यांच्या साक्षी जुळेनात.

सामना पाहणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. पण हाच विलंब गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या वाट्याला आला की गोष्ट वेगळी होते. आमच्या इमारतीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा तबला शिकतो. गुरुजी दूरगावी असल्यामुळे बरेचसे शिक्षण फोनवरूनच चालते. सरावासाठी त्याने घरच्या संगणकावर संगीताचे सॉफ्टवेअर बसविले. त्यात लेहरा लावायचा, संगणकाला जोडलेल्या रबरी पॅडवर बोटे चालवायची, पडद्यावरची सरकती रेघ पाहत सम गाठायची आणि वाजवलेले मुद्रित करून गुरुजींकडे पाठवायचे. दोन महिन्यांनी गुरुजींनी निर्वाळा दिला की हात स्वच्छ आहे, पण लय मागे पडते. मुलाने मनाला लावून घेतले. एके संध्याकाळी तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, माझा कानच लयीत कच्चा आहे का हो? तसे असेल तर उगाच गुरुजींचा वेळ कशाला घ्यायचा?"

त्याला उत्तर देण्यापूर्वी आम्हांला एक जुनी हकीकत आठवली. असाच दोष माथी येऊन एका तरुणाची नोकरी गेली होती, त्याला आता सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या हकीकतीपासून सुरू होतो आणि त्या मुलाच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

इंग्लंडात ग्रिनिच येथील वेधशाळेत मॅस्केलिन हे राजज्योतिषी होते आणि किनेब्रुक नावाचा तरुण त्यांचा मदतनीस होता. त्या काळी तारा दुर्बिणीतील तारेवरून केव्हा गेला हे टिपण्याची रीत अशी होती की डोळा ताऱ्यावर ठेवावा आणि कान घड्याळाच्या टोल्यांकडे लावावा. दोन टोल्यांच्या मध्ये तारा कोठे होता याचा अंदाज करून सेकंदाचा दहावा भाग सांगावा. १७९५ च्या ऑगस्टमध्ये मॅस्केलिन यांना आढळले की किनेब्रुकची नोंद त्यांच्या नोंदीपेक्षा अर्ध्या सेकंदाने मागे पडते. त्यांनी त्याला ताकीद दिली. बिचाऱ्याने प्रयत्नही केला असेल. पण पुढल्या जानेवारीपर्यंत अंतर वाढून सेकंदाच्या आठ दशांशांवर गेले. १७९६ साली किनेब्रुकला कामावरून दूर करण्यात आले.

ही गोष्ट पुढे जर्मन ज्योतिषी बेसेल यांच्या वाचनात आली आणि त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: मॅस्केलिन बरोबर होते, हे कशावरून? १८२० नंतर त्यांनी स्वतःच्या नोंदी इतर नामांकित ज्योतिषांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा निष्णात माणसांतही एक सेकंदाहून अधिक अंतर निघाले. डोळ्याची वार्ता आणि कानाची वार्ता मनात एकत्र जुळविण्यास प्रत्येकाला निराळा वेळ लागतो आणि तो बऱ्याच अंशी त्या त्या माणसाचा ठरलेला असतो. तेव्हापासून या अंतराला दोष न मानता मोजावे आणि हिशेबातून वजा करावे, अशी रीत पडली. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली निघाली. केरूनाना छत्रे तरुणपणी तेथे काम करीत. त्याच सुमारास जगभरच्या वेधशाळा हा नवा धडा गिरवीत होत्या. किनेब्रुकला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तो १८०२ सालीच वारला होता.

आता वेधशाळेतून रंगभूमीकडे येऊ. कारण डोळा आणि कान यांचा मेळ घालण्याची कला आपल्या लोकांनी तेथे फार उत्तम साधली होती. संगीत नाटकात नट गात असे आणि ऑर्गनवाला व तबलजी रंगमंचापुढे बसून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत असत. नटाने श्वास घेतला, मान किंचित वळविली, की साथीदाराला पुढची जागा कळे. तो आवाज ऐकून वाजवीत नसे; आवाज येणार हे ओळखून वाजवीत असे. गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखल्यांना हार्मोनियमची साथ केली आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेतही ते होते. साथसंगत म्हणजे विलंब आधीच गिळून टाकण्याची विद्या, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

त्याच १९१३ साली ३ मे रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. मूकपटाच्या काळात पडद्याजवळ बसलेले वादक चित्र पाहून वाजवीत. यंत्र हाताने फिरविले जाई, त्यामुळे चित्राची गती माणसागणिक बदले. पण वादक जिवंत असल्यामुळे तो चित्राबरोबर जलद किंवा संथ होई. मेळ राखण्याचे ओझे माणसाने उचलले होते, म्हणून ते कोणाला जाणवत नव्हते.

बोलपट आला आणि ते ओझे यंत्रावर पडले. अमेरिकेत १९२७ च्या 'जाझ सिंगर'मध्ये आवाज तबकडीवर आणि चित्र फिल्मवर, असे दोन वेगळे संसार होते. सुई एक खाच सोडून उडाली किंवा तुटलेली फिल्म जोडताना दोन फ्रेम गेल्या, की पुढचे सगळे ओठ आणि शब्द यांची फारकत होई. म्हणून पुढे आवाज फिल्मच्याच कडेला छापू लागले. त्यासाठी चित्राला गतीचे स्वातंत्र्य सोडावे लागले. गती बदलली की स्वर चढतो किंवा उतरतो आणि कानाला ते खपत नाही. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम ही गती कायम झाली. कानाच्या हट्टापुढे डोळ्याने माघार घेतली.

आपल्याकडे अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. स्टुडिओ जवळच्या आगगाड्यांच्या खडखडाटात असल्यामुळे त्याचे बरेचसे चित्रण रात्री गाड्या थांबल्यावर करावे लागले. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड लपून वाजवीत आणि आवाज चित्राबरोबर एकाच फिल्मवर उमटे. पुढल्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे, संगीतही टेंब्यांचेच. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले पाहत. ज्यांचे सारे आयुष्य जिवंत साथीत गेले, तेच टेंबे आता मायक्रोफोनपुढे उभे होते.

फिल्मवरच्या आवाजाची एक खुबी येथे सांगितली पाहिजे. चित्राच्या खिडकीपाशी फिल्म झटक्याझटक्याने सरकते. प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबते, तेव्हाच ती पडद्यावर स्थिर दिसते. आवाजाला असे झटके चालत नाहीत. तेथे फिल्म एकसारखी वाहिली पाहिजे. म्हणून आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपासून काही अंतरावर बसवतात आणि छापतानाच आवाज आपल्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापतात. २० फ्रेम म्हणजे सेकंदाचे आठ दशांश. श्रोतेहो, ज्या आठ दशांशांसाठी किनेब्रुकला घरी बसविले, तेच अंतर फिल्मवर जाणूनबुजून ठेवून त्यावर जगभरची चित्रपटगृहे पुढे अनेक दशके चालली. अंतर असणे हा गुन्हा नाही. ते किती आहे हे ठाऊक नसणे, हा खरा गोंधळ.

हे अंतर प्रेक्षकाला कळू न देण्याचे काम ऑपरेटरचे. फिल्म यंत्रात ओवताना दोन भागांमध्ये तो एक सैल वळसा सोडी. वळसा लहानमोठा झाला की तेवढ्या फ्रेमनी आवाज मागेपुढे होई. जाणता ऑपरेटर आधी एवढेच पाही की चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच आहे, की वाढत चालली आहे. सारखी असेल तर वळसा तपासायचा. वाढत असेल तर कोठेतरी गती चुकते आहे. हे दोन प्रश्न लक्षात ठेवावेत. पुढे संगणकापाशी तेच उपयोगी पडणार आहेत.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायनाची रीत रूढ केली. गाणे आधी मुद्रित व्हायचे आणि नटाने ते ऐकून ओठ हलवायचे. नट-गायकाची एकच व्यक्ती दुभंगली आणि दोन भाग जुळविण्याचे काम संकलकाकडे आले. त्याचे साधन किती साधे! दृश्याच्या आरंभी लाकडी क्लॅपच्या दोन फळ्या आपटायच्या. ज्या फ्रेममध्ये फळ्या भिडलेल्या दिसतात ती आणि आवाजाच्या पट्टीवर जेथे 'टक्' उमटला ती जागा, ही दोन एकमेकांसमोर आणली की काम झाले. डोळ्याला आणि कानाला एकाच घटनेची साक्ष द्यायला लावणे, एवढेच त्यातले तत्त्व.

दूरदर्शनने आणखी एक गंमत केली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्याकडील दूरचित्रवाणी सेकंदाला २५ फ्रेमची. म्हणून २४ चे चित्रपट तेथे किंचित वेगाने पळवीत. तीन तासांचा चित्रपट सुमारे सात मिनिटे लवकर संपे आणि काळी एकचे गाणे पांढरी दोनच्या दिशेने सरके. ओठ आणि शब्द बरोबर जुळत, कारण दोघेही एकाच घड्याळावर धावत होते. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यालाच काय ते खटके. मेळ असूनही स्वर चुकू शकतो, हा त्यातला धडा.

आता संगणकाकडे येऊ. १९८३ साली मिडी नावाची संकेतपद्धती ठरली आणि कळपट्टी, पॅड, संगणक एकमेकांशी बोलू लागले. एक सूर वाजविल्याची वार्ता मिडीच्या तारेतून पोहोचायला एक सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे विलंब तेथे नाही. तो आहे बफरमध्ये. बफर म्हणजे आपल्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी समजा. पालिकेचे पाणी थांबत थांबत येते, पण टाकी असल्यामुळे नळाची धार तुटत नाही. संगणकही अनेक कामे आळीपाळीने करतो. म्हणून तो आवाजाचे नमुने आधी टाकीत साठवतो आणि तेथून एकसारखे सोडतो. टाकी मोठी असली की धार तुटत नाही, पण आज भरलेले पाणी उशिरा मिळते. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर १,०२४ नमुन्यांची टाकी म्हणजे २१ सहस्रांश सेकंद. आवाज आत येताना एक आणि बाहेर जाताना एक, अशा दोन टाक्या धरल्या तर ४३. टाकी फार लहान केली तर ती मध्येच रिकामी पडते आणि आवाजात तडतड सुरू होते.

पडद्याचाही विलंब असतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर खेपेला सुमारे १७ सहस्रांश. दिवाणखान्यातला मोठा टीव्ही चित्र खुलविण्यासाठी त्यावर आणखी संस्कार करतो. तेथे विलंब त्याच्या कितीतरी पट होतो. बिनतारी हेडफोनांचा विलंब तर पुष्कळदा १०० ते २०० सहस्रांशांचा असतो. शिवाय सॉफ्टवेअर आवाज केव्हा ऐकू जाईल याचा अंदाज बांधून ती सरकती रेघ काढते. हेडफोन उशीर करतो आहे हे त्याला कळलेच नाही, तर रेघ पुढे निघून जाते आणि आवाज मागून येतो.

हे आकडे लहान वाटतात. आता संगीताच्या मापाने मोजू. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे २५० सहस्रांशांची. चौगुणीतला एक बोल सुमारे ६२ सहस्रांशांचा. ४३ चा विलंब म्हणजे अर्ध्याहून अधिक बोल गेला. २०० चा विलंब म्हणजे जवळजवळ मात्राच गेली. चित्र पाहणाऱ्याची सहनशक्ती याहून बरीच जास्त असते. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दिलेल्या मापांप्रमाणे आवाज ४५ सहस्रांशांनी आधी आला तर प्रेक्षकाला कळतो. उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातो. याचे कारण धोबीघाटावरच सापडते. आवाज मागून येण्याची सवय माणसाला जन्माची आहे; आधी येण्याची नाही.

येथेच पाहणारा आणि वाजवणारा यांच्यातला भेद स्पष्ट होतो. चित्रपट पाहताना मेळ बिघडला तर उपाय सोपा: जो पुढे आहे त्याला मागच्यासाठी थांबवायचे. दोघेही उशिरा आले तरी प्रेक्षकाचे काही जात नाही. वाजवणाऱ्याला ही सवलत नाही. त्याचा हात आत्ता पडला आहे. त्याला थांबवून कसे ठेवणार? २०२० च्या टाळेबंदीत हे अनेकांनी अनुभवले. गुरू एका गावी, शिष्य दुसऱ्या गावी. बोलणे होई, शिकविणेही होई, पण दोघांनी मिळून एक आवर्तन वाजविणे साधेना. समेवर पोहोचताच कळे की पलीकडची सम अजून यायची आहे. शेवटी गुरूने आधी वाजवावे आणि शिष्याने मागून, अशी पाळी लावून शिक्षण चालले.

आता त्या मुलाकडे वळू. आम्ही त्याला वाजवायला सांगितलेच नाही. सॉफ्टवेअरमधून सेकंदाला एक असा ठोका लावला, त्याचा बिनतारी हेडफोन संगणकाच्या माइकवर दाबून धरला आणि तो ठोका परत मुद्रित केला. मूळ ठोका आणि परत आलेला ठोका पडद्यावर एकाखाली एक मांडले. ही आमची क्लॅप. परतलेला ठोका पाव सेकंदाहून थोडा कमी, पण ठळक मागे होता. मग ऑपरेटरचा प्रश्न: अंतर वाढते का? दहा मिनिटांनी पाहिले, तेवढेच होते. वाढत असते तर ४४,१०० आणि ४८,००० अशा दोन गतींची गल्लत झाली आहे का, ते पाहावे लागले असते. येथे वळसाच मोठा होता.

मग एकेक कारण दूर केले. बिनतारी हेडफोन काढून तारेचा लावला. अंतर बहुतेक सगळे नाहीसे झाले. बफर १,०२४ वरून १२८ वर आणला. तडतड सुरू झाली. २५६ वर ती थांबली. तेथे टाकी केवळ ५ सहस्रांशांची भरते. आवाजाला घुमारा देणारी जड साधने मुद्रण चालू असताना बंद ठेवली. पडद्याची रेघ झाकून टाकून त्याला सांगितले, सम कानाने गाठ.

झाले होते ते असे. लेहरा त्याच्या कानात उशिरा येत होता. तो त्या लेहऱ्याबरोबर अगदी बरोबर वाजवीत होता; पण मुद्रणात त्याचा प्रत्येक बोल मूळ लेहऱ्याच्या तेवढाच मागे उमटत होता. वर डोळ्यापुढची रेघ एक सांगत होती आणि कान दुसरे. दोन साक्षीदारांच्या मधोमध तो किनेब्रुकसारखा सापडला होता आणि शिक्षाही स्वतःच स्वतःला द्यायला निघाला होता.

नवे मुद्रण गुरुजींना गेले. त्यांचा फोन आला, "हात तोच आहे, मग लय कोठून आली?" त्याने हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "बरे झाले. पण तिसऱ्या कायद्यात तू अजून घाई करतोस, ती मात्र यंत्राची नव्हे हो!" मुलाला हे ऐकून वाईट वाटले नाही. दोन महिन्यांनंतर प्रथमच त्याला त्याची स्वतःची चूक कळली होती आणि ती सुधारण्यासारखी होती.

श्रोतेहो, यंत्राचे माप काढल्याने माणूस निर्दोष ठरतोच असे नाही. पण यंत्राचा वाटा वजा झाल्यावर जे उरते ते त्याचे असते आणि त्यावर मेहनत करता येते. ते वजा न करता आपण बोल लावतो, तेव्हा किनेब्रुकसारखा एखादा माणूस आपण गमावतो. आज घरोघरी संगणकावर, मोबाइलवर मुले गाणे शिकत आहेत. त्यांच्यापैकी कोणी "मला लय नाही" असे म्हणाले, तर आधी एक टाळी वाजवा, ती यंत्रातून किती उशिरा परत येते ते पाहा आणि मग बोला. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.